पीडीएफ मिळेल का?

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात मोबाईल किणकिणला. आमच्या सोसायटीत एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. जिन्यात भेटले तर मान हलवण्यापलीकडे ते कुणाला व्याज देत नाहीत. त्यांनी चक्क मला एक पीडीएफ पाठवली होती. सोबत निरोप : ‘हलकंफुलकं आहे. वेळ जायला बरं. लेखकाचं आडनाव तुमचंच दिसतंय. नात्यातले का?’

लेखक मीच होतो.

खरं तर अंगाचा तिळपापड व्हायला हवा होता. झाला आनंद. लेखक ही जातच अशी. पुस्तक निघाल्यापासून ते कुणीतरी वाचल्याचा लेखी पुरावा प्रथमच हाती येत होता. प्रकाशक मार्चअखेर हिशेबाचा कागद पाठवतात खरा, पण त्यातली मानधनाची रक्कम पाहून पाकिटावरच्या टपाल तिकिटाचीच दया येते. मी पीडीएफ उघडली. पहिल्या पानावर एका सार्वजनिक वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का, त्याखाली सूचना : पुस्तकात खुणा करू नयेत, पाने दुमडू नयेत, पाने फाडू नयेत. स्कॅन करू नयेत असं कुठंच नव्हतं, त्यामुळे त्या बिचाऱ्यानं नियम एकही मोडला नव्हता. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात त्याचा किंवा तिचा अंगठा होता. अंगठ्याला हळद. म्हणजे एकीकडे फोडणी आणि दुसरीकडे साहित्यसेवा असं काम चाललं असावं. मधल्या एका प्रकरणात कुणा वाचकानं समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘पाल्हाळ’. पुढे तेच अक्षर : ‘यानंतरचे पान वगळले तरी चालेल.’ स्कॅन करणाऱ्यानं तो सल्ला मानला होता. ते पान पीडीएफमध्ये नव्हतंच.

आणि पानापानावर तिरपं, फिकट निळ्या अक्षरांत, त्या वाचक ग्रुपचं नाव. खाली एक ओळ : ‘सर्व हक्क ग्रुपकडे राखीव.’

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “बरं झालं. कुणीतरी वाचलं. आपल्या पलंगाखाली अजून दोन खोकी आहेत, तीही त्यांना स्कॅन करायला देऊन टाका.”

मग मात्र मी बाणेदारपणे ग्रुपच्या ॲडमिनला फोन लावला.

“नमस्कार. तुमच्या ग्रुपवर माझं पुस्तक आलंय.”

“अरे वा! अभिनंदन सर!”

“अभिनंदन नको. काढा ते.”

“का? क्लिअर नाही का? दुसरं स्कॅन करून घेतो.”

“अहो, तुम्ही परवानगी घेतली नाहीत.”

“सर, आम्ही कुणाकडून एक पैसा घेत नाही. निव्वळ मराठीची सेवा आहे.”

“पण त्यामुळे मलाही एक पैसा मिळत नाही!”

“म्हणजे तुम्हीही सेवाच करताय की, सर!”

यावर काय बोलणार? शिवाय ॲडमिन स्वतःच इतके दुखावलेले होते की पाच मिनिटांनी मीच त्यांची समजूत घालत होतो. त्यांनी रात्ररात्र जागून केलेल्या पीडीएफवरचं त्यांचं नाव पुसून दुसऱ्या एका ग्रुपनं त्या आपल्या म्हणून फिरवल्या होत्या. “काय चोर लोक असतात बघा,” ते कळवळून म्हणाले. “मी सायबरला तक्रार करणार आहे.”

आता ते बँक अधिकारी. या गृहस्थांनी नोकरीत असताना एका रुपयाचा फरक निघाला म्हणून रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत शाखेत बसून वही जुळवलेली आहे. वाण्यानं चुकून दहाची नोट जास्त दिली तर ते पावसात परत जाऊन देऊन येतात आणि वर वाण्याला बेफिकिरीबद्दल झापतात. अशा माणसाला ‘पुस्तकाचे पैसे?’ असं विचारलं तर तो गोंधळून बघतो. पीडीएफचे कसले पैसे? ती आली. ती येतच असते, पावसासारखी. एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारा आपला मराठी माणूस ‘फॉरवर्डेड’ एवढी अक्षरं दिसली की साक्षात स्थितप्रज्ञ होतो. आणलं कुणी, दिलं कुणी, कुणाचं होतं, काही विचारत नाही.

मी ठरवलं, कायदा काय म्हणतो ते एकदा बघूच. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वकील आहेत. त्यांना लिफ्टमध्ये गाठायचं असतं. घरी गेलं तर फी पडते, लिफ्टमध्ये सल्ला फुकट, फक्त तो दोन मजल्यांत संपवावा लागतो. मी वरच्या मजल्याचं बटण दाबून त्यांना तिसऱ्यांदा वर नेलं, तेव्हा कंटाळून ते म्हणाले, “चला घरी, दाखवतो.”

कायदा १९५७ चा. लागू झाला २१ जानेवारी १९५८ ला. त्यात कलम ५२ नावाची एक भलीमोठी धर्मशाळा आहे. काय काय केलं तर हक्कभंग होत नाही, याची यादी. पहिल्याच ओट्यावर : खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी, संशोधनासाठी, टीका-परीक्षणासाठी केलेला रास्त वापर.

“म्हणजे घरी बसून स्वतःपुरती नक्कल केली तर चालतं?”

“रास्त असेल तर.”

“रास्त म्हणजे किती?”

“ते कोर्ट ठरवेल.”

“आणि ग्रुपवर टाकली तर?”

“मग ती वैयक्तिक कशी राहील?”

“ॲडमिन म्हणतात, ग्रुपात सगळे घरचेच आहेत.”

व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात. एवढं घर एकत्र कुटुंबपद्धतीच्या सुवर्णकाळातही नव्हतं. वकीलसाहेबांनी कलम ६३ काढलं. जाणूनबुजून हक्कभंग केला तर कैद किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं. दंड ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत. माझा चेहरा उजळलेला पाहून त्यांनी घाईघाईनं पुढचं वाचलं : नफ्यासाठी केलेलं नसेल तर विशेष कारणं नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे ‘सेवा’ अगदीच वाया जात नाही.

मग त्यांनी सांगितलं की हे वैयक्तिक वापराचं पांघरूण संगणकाच्या प्रोग्रॅमला मिळत नाही. चोरीचा आहे हे ठाऊक असून तो वापरला तर कलम ६३-ब, किमान सात दिवस कैद. हे सांगताना त्यांनी स्क्रीन जरा भरभर खाली सरकवली. लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी विनंती दिसत होती आणि ती काही खाली सरकत नव्हती. आम्ही दोघांनीही ती पाहिली नाही.

“बाकी तुमच्या प्रकरणात मत द्यायचं तर पुस्तक वाचावं लागेल,” निरोप घेताना वकीलसाहेब म्हणाले.

“आणून देतो. सवलतीत.”

“छे छे, पुस्तक कशाला? ती पीडीएफच पाठवा. पुरावा म्हणून.”

पीडीएफचं सोडा, पाहण्यावरूनही आमच्या घरात एकदा आकांत झालेला आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये भाचा इंजिनिअरिंगला होता आणि आमच्याकडे राहायला होता. एका रात्री त्यानं लॅपटॉपवर काहीतरी उघडलं, तर पडदाभर सूचना : ही साइट बंद केली आहे, इथला मजकूर पाहणं, उतरवणं, त्याची नक्कल करणं हा गुन्हा असून त्याबद्दल तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कलमात दंड दोन लाखांवर थांबतो; वरचा एक लाख कुणी आणि कशाबद्दल लावला ते कलमांत शोधून सापडत नाही. देशभर पोरांची झोप उडाली. आमच्याकडे ताईचा फोन आला. तिला तीन वर्षांची चिंता नव्हती.

“तो पाहत काय होता?” एवढंच तिचं म्हणणं.

“अगं, ‘ढिशूम’ नावाचा पिक्चर आहे.”

“नावावरूनच कळतंय.”

ती सूचना त्याच ‘ढिशूम’च्या पायरसीवरून मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या प्रकरणातून आली होती. पुढे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीवाचून वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्यानं देणं हा गुन्हा. भाच्यानं ती बातमी आम्हाला तीन वेळा मोठ्यांदा वाचून दाखवली आणि विजयी मुद्रेनं लॅपटॉप उघडला. ताई फोनवरच होती. म्हणाली, “हायकोर्टात नसेल गुन्हा. माझ्या घरात आहे. सेमिस्टर तोंडावर आलंय.” त्या निकालावर अपील नव्हतं.

पण पोरांना काय बोलायचं? आमची पिढी तरी कुठं धुतल्या तांदळाची? आमच्या वेळी नाक्यावरच्या दुकानात कॅसेट ‘भरून’ मिळायची. कोरी कॅसेट साठ मिनिटांची की नव्वदची हे आधी ठरायचं, मग वहीचं पान फाडून त्यावर गाण्यांची यादी. यादीत वडिलांची दोन नाट्यपदं, आईची दोन भावगीतं आणि उरलेल्या जागेत आपलं लफडं. दुकानदार यादी वाचून, भुवया उंचावून, ‘परवा या’ म्हणायचा. ‘ए’ बाजू संपताना शेवटचं गाणं हमखास मध्येच तुटायचं. त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्यांना एक प्रसिद्ध भावगीत दुसऱ्या अंतऱ्यातल्या अर्ध्या शब्दावर संपतं असंच वाटत होतं. पुढे काकांनी त्या गाण्याचा प्रत्यक्ष कार्यक्रम ऐकला आणि गायिका त्या शब्दावर थांबली नाही म्हणून ते अस्वस्थ झाले. “पाल्हाळ लावला,” म्हणाले.

गणपतीत मांडवात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं यायचा. रात्रभर तीन पिक्चर. एखादा इंग्रजी निघालाच तर सुरुवातीला अमेरिकेच्या एफबीआयची निळ्या पडद्यावरची तंबी दिसायची : विनापरवाना जाहीर खेळ केल्यास खबरदार! सतरंजीवर दोनशे माणसं, पुढे लहान पोरं, मागे खुर्च्यांवर सरपंच आणि पोलीस पाटील. पोलीस पाटलांना कुणी अर्थ विचारला तर ते म्हणायचे, “सरकारी आहे. सुरुवातीला असतंच.” रात्रीच्या व्हिडिओ कोचमध्ये तर पिक्चर एसटी स्टँडच्या अलीकडे संपल्याचं मला आठवत नाही. खलनायक गोदामात नायिकेला बांधतो न बांधतो तोच क्लीनर ‘चला स्वारगेट, स्वारगेट’ ओरडत टीव्ही बंद करायचा. त्या काळातल्या कित्येक नायिका माझ्या लेखी अजून गोदामातच आहेत.

हे सगळं किती गंभीर होतं हे मला उशिरा कळलं. महाराष्ट्रात १९८१ चा एक कायदा आहे, लोकभाषेत एमपीडीए. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांना स्थानबद्ध करण्यासाठी. २००९ मध्ये या सन्माननीय मंडळींत ‘व्हिडिओ पायरेट्स’ जोडले गेले. पुढे वाळू तस्कर आले, अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे आले. दर वेळी कायद्याचं नाव लांबत गेलं. आज ते पूर्ण उच्चारायचं तर फौजदाराला मध्ये एकदा पाणी प्यावं लागेल. खटला उभा राहण्याआधीच वर्षभरापर्यंत आत ठेवता येतं. म्हणजे कोठडीत एका रांगेत बसलेत सगळे.

“तू कशात?”

“हातभट्टी. तू?”

“वाळू. ह्यो कोपऱ्यातला बारका कशात?”

“मी... पिक्चर. पेनड्राइव्हमध्ये टाकून द्यायचो.”

एक मिनिट शांतता. मग वाळूवाला हलकेच सरकून जवळ येतो. “नवीन कुठला आहे का रे?”

दिल्लीनंही हात आखडता घेतलेला नाही. सिनेमाच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. थिएटरात बसून मोबाईलवर पिक्चर उतरवला तर तीन महिने ते तीन वर्षं कैद. दंड किमान तीन लाख आणि वर चित्रपटाच्या एकूण निर्मिती खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. माझा एक मित्र मराठी सिनेमे काढतो. त्यानं हिशेब केला : पाच टक्के म्हणजे तीन लाख व्हायचे तर सिनेमाला खर्च ६० लाख हवा. त्याचा मागचा सिनेमा तिथवर पोचला नव्हता. “म्हणजे माझ्याबाबतीत चोराला भरावा लागणारा दंड माझ्या ऐपतीबाहेरचा आहे,” तो म्हणाला. मी सहानुभूती दाखवायला विचारलं, “तुझाही लीक झाला होता का रे?” त्यानं मान खाली घातली. “नाही रे. आम्ही वाट बघितली.”

कायद्याला पाझर फुटतच नाही असं मात्र नाही. तो फुटतो लग्नात. त्याच कलम ५२ मध्ये लिहिलंय की खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणी वाजवली तर हक्कभंग होत नाही, आणि धार्मिक समारंभात लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित इतर सामाजिक सोहळे धरायचे! ‘वरात’ संसदेला आठवली, याबद्दल मला संसदेचा अभिमान वाटतो. म्हणजे मी एखादं गाणं माझ्या भाच्याच्या लघुपटात दहा सेकंद घातलं तर नोटीस, पण तेच गाणं शेजारच्या पिंट्याच्या वरातीत रात्री साडेअकराला, खिडकीच्या काचा थरथरतील अशा बेतानं, दीड तास वाजलं तर धर्मकार्य. आवाजाचं काय ते दुसऱ्या कायद्यानं बघावं. चोरीचा प्रश्न मिटला. हळद, संगीत, रिसेप्शन यांतलं कुठपर्यंत लग्न आणि कुठून हॉटेलचा धंदा, यावर मात्र रीतसर भांडणं आहेत. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या खात्यानं जाहीर सूचना काढली की लग्नाच्या गाण्यांवर वसुली करू नका. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये तशाच अर्थाचं परिपत्रक काढलं आणि ते त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केलं. आमच्या डीजेला मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, फर्माईश कुठली आहे?”

झेरॉक्सवाल्यांचंही एक दैव जागृत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसारख्या बड्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा ठोकला होता. पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून ते दुकान विद्यार्थ्यांना विकायचं. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दुकानाच्या बाजूनं कौल दिला : शिकवण्यासाठी लागणाऱ्या नकलांना कायद्यात जागा आहे. २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. आमच्या वहिनी कॉलेजात शिकवतात. त्यांनी हा निकाल मुलांना सांगितला. मुलांनी तो निकाल झेरॉक्स करून मागितला, आणि खाली ‘परीक्षेला येणार का?’ असं विचारलं.

इथवर मी तग धरून होतो. माझा खरा पराभव निराळ्याच आघाडीवर झाला. लेखकाच्या नावाविना त्याचा मजकूर फिरतो याची सवय होते, पण दुसऱ्याच्या नावानं फिरतो तेव्हा काय करायचं? पुलं २००० साली गेले. त्यानंतर व्हॉट्सॲपवर ते इतकं लिहीत सुटलेत की हयातीत त्यांना एवढा वेळ मिळाला असता तर नाटकं राहून गेली असती. वपुंचंही तेच. माझा दिवाळी अंकातला एक लेख कुणीतरी शेवटच्या ओळीखालचं माझं नाव खरवडून, तिथे वपुंचं नाव चिकटवून सोडला. माझ्या नावानं जो लेख संपादकांनाही पुरता आठवत नव्हता, तो वपुंच्या नावानं महाराष्ट्राबाहेर गेला. इंदूरहून आला, बडोद्याहून आला, सिंगापूरच्या मावसबहिणीनं डोळे पाणावल्याचं चित्र टाकून पाठवला. आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर आला तेव्हा मला राहवेना. मी खाली नम्रपणे लिहिलं, ‘हा लेख माझा आहे.’

अर्धा तास कुणी बोललं नाही. मग एका बालमित्राचं उत्तर आलं : ‘या वयात वपुंचं लेखन स्वतःच्या नावावर खपवतोस? लाज वाटू दे.’ त्याखाली अंगठ्यांची रांग. ज्या मैत्रिणीनं दहावीत माझी भूमितीची वही उतरवून घेतली होती तिनं लिहिलं, ‘वपुंची सर कुणाला नाही.’ मी कायद्याचं कलम ५७ टाकलं : हक्क विकून टाकले तरी आपल्या कृतीचा कर्ता म्हणून नाव सांगण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो. ॲडमिननं ते काढून टाकलं. ग्रुपवर राजकीय पोस्ट चालत नाहीत.

याबाबतीत आमच्यात जुनी आणि जरब बसेल अशी ताकीद एकच, ती एकनाथांची. लोकांनी पाठभेदांनी भरून टाकलेली ज्ञानेश्वरी त्यांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली आणि बजावून ठेवलं की यात आपली ओवी घुसडणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवतो. नाथांची सोय एवढीच की त्यांच्या वेळी करवंटी हातानं लिहावी लागायची. आता ती एका बोटानं शंभर ताटांत पडते.

त्या वाचक ग्रुपच्या ॲडमिनशी माझं अखेर जमलं. माणूस सज्जन आहे, फक्त हौशी आहे. त्यांनी एकदा आपणहून फोन करून विचारलं, “सर, तुमचा हक्क नेमका कधीपर्यंत असतो? म्हणजे आम्हाला नियमात राहायचंय.”

“माझ्या मृत्यूनंतर साठ वर्षं.”

“साठ!”

“पूर्वी पन्नास होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले. त्यांच्या लेखनाचे हक्क १९९१ अखेर संपायचे होते, म्हणून दहा वर्षं वाढवली. ती सगळ्यांनाच वाढली.”

“म्हणजे टागोरांमुळे तुमचीही वाढली?”

“हो.” टागोरांशी माझं नाव जोडलं जाण्याचा हा एकच प्रसंग, तो मी मनापासून उपभोगला.

पलीकडे कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज. मग अत्यंत आदरानं : “तर मग सर, तुमचं साधारण... केव्हापासून मोजायचं?”

मी म्हणालो, कळवायची व्यवस्था करतो. दरम्यान मी त्यांना एक यादी दिली. लेखक गेला त्या सालात साठ मिळवायचे, ते वर्ष संपू द्यायचं, पुढच्या १ जानेवारीला पुस्तक सगळ्यांचं. केशवसुत १९०५, गडकरी १९१९, हरिभाऊ आपटे १९१९, कधीच मोकळे झालेत. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून वाटेल तितकी उतरवा. ॲडमिननं ती उत्साहानं टाकली. कुणीही उघडली नाही. ‘नवीन काही असेल तर टाका’, खाली पहिलीच प्रतिक्रिया. उघडली असती तर त्यात ‘मोठा होण्यासाठी चोरी’ नावाचं प्रकरण सापडलं असतं. श्यामला पुस्तकं हवी असतात, म्हणून तो पैसे चोरतो. बिचाऱ्याला मधली पायरी गाळता येते हे ठाऊक नव्हतं.

पुलंसाठी मात्र २०६० संपेपर्यंत थांबा, वपुंसाठी २०६१. त्याआधी ज्यांना फुकट, कायदेशीर आणि विनोदीच हवंय, त्यांची सोय झालेली आहे. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, तेव्हा १ जानेवारी २०२४ पासून चिमणराव आणि गुंड्याभाऊ तुमचे-आमचे झाले. बिनधास्त उतरवून घ्या, ग्रुपवर टाका, वाटल्यास हळदीच्या अंगठ्यासकट टाका. ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहितात.